घोडामैदान

एखाद्याने फार बढाया मारल्या की आपण म्हणतो, "घोडामैदान जवळच आहे!" हे शब्द आपल्या तोंडी इतके बसलेले आहेत की त्यातला घोडा आता आपल्याला दिसतही नाही. पण घोड्याची परीक्षा मैदानात, हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. बाजारात सौदागर कितीही गोड बोलला तरी घोडे मैदानात पळवून पाहिल्याखेरीज गिऱ्हाईक थैली सोडत नसे.

आज अशी नाव घेण्यासारखी दोन घोडामैदाने महाराष्ट्रात आहेत. एक मुंबईला महालक्ष्मीचे आणि दुसरे पुण्याच्या लष्करातले. लोक त्यांना रेसकोर्स म्हणतात. आगगाडीतून मुंबईला उतरताना महालक्ष्मी स्टेशनच्या पश्चिमेला तुमच्यापैकी कित्येकांनी ते हिरवे मैदान पाहिले असेल. चहूकडे इमारतींची दाटी आणि मध्येच एवढी मोकळी जागा! ती तिथे कशी राहिली, कोणासाठी राहिली आणि तिच्यावर हक्क कोणाचा, याची हकीकत मी सांगणार आहे. कोणत्या घोड्यावर पैसे लावावे हे मात्र मला विचारू नका. ते मला ठाऊक असते तर मी लेख लिहीत बसलो नसतो.

घोड्याचे वेड आपल्याकडे इंग्रजाने आणले, असे कोणी समजू नये. भीमा आणि नीरा या नद्यांच्या काठचे भीमथडीचे तट्टू अंगाने लहान, पण काटक. थोड्या चाऱ्यावर दिवसचे दिवस मजल मारणारे. मराठ्यांचे स्वार घाटावरून निघून उत्तरेत धडकले ते असल्या जनावरांच्या पाठीवर. पण त्या घोड्याचा कस होता दमात, लांबच्या पल्ल्यात. आखलेल्या वाटेवर, मोजलेल्या अंतरात आणि घड्याळ हातात धरून दोन-अडीच मिनिटांत निकाल लावायचा, हा प्रकार मात्र इंग्रजाचा. त्यासाठी त्याने वेगळी जातच तयार केली. तिला थरोब्रेड म्हणतात. गंमत अशी की या विलायती जातीचे मूळ नर विलायती नव्हतेच. सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या आरंभी पूर्वेकडून, अरबस्तान-तुर्कस्तानच्या बाजूने, इंग्लंडात गेलेल्या तीन घोड्यांपर्यंत आजच्या प्रत्येक थरोब्रेडचा पितृवंश जाऊन भिडतो. त्यांची वंशावळ १७९१ सालापासून छापील पोथीत नोंदली जाते. हिंदुस्थानातल्या अशा घोड्यांची वंशावळ ठेवणारी कचेरी पुण्यात आहे. आपल्याकडे कुळाची बखर राजांची असते, इथे ती घोड्यांची!

मुंबईत कंपनी सरकारच्या गोऱ्या अंमलदारांनी शर्यती सुरू केल्या त्या १८०० सालाच्या आसपास, भायखळ्याला. तेव्हा भायखळा म्हणजे शहराबाहेरची मोकळी हवा. १८३३ साली तिथे भायखळा क्लब निघाला. सभासद अर्थातच सगळे युरोपियन. शर्यतींचा कारभार बराच काळ याच मंडळींच्या हाती होता. पुढे १८६४ मध्ये शर्यतींसाठी वेगळी संस्था उभी राहिली. आजच्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबची ती मूळ संस्था. नावातला 'रॉयल' हा शब्द मागाहून, १९३५ साली, पाचव्या जॉर्ज बादशहाने दिलेला.

त्या जुन्या काळात भायखळ्याला धावत ते बहुतेक अरबी घोडे. इराणच्या आखातातून ते गलबतांनी मुंबईला येत. भायखळा-भेंडीबाजाराच्या बाजूला अरब सौदागरांचे तबेले होते. लष्कराला, संस्थानिकांना आणि शर्यतीच्या शौकिनांना घोडे पुरवण्याचा हा मोठा व्यापार. लष्करात जो घोडा जायचा त्याचा कस आधी पाहायला हवा, म्हणून शर्यती हव्यात, असे समर्थन तेव्हा केले जाई. त्यात थोडे तथ्य होते. पण नुसता कस पाहायला एवढी गर्दी जमत नाही, हे उघड आहे.

आता जागेकडे येऊ. मुंबई ही मुळात सात बेटे. महालक्ष्मीची टेकडी आणि वरळी यांच्यामध्ये मोठे खिंडार होते. भरतीचे पाणी त्यातून आत घुसे आणि मधला सगळा सखल भाग खाजण होऊन जाई. विल्यम हॉर्नबी हा गव्हर्नर असताना हे खिंडार बांध घालून बंद करण्याचे काम निघाले आणि १७८४ च्या सुमारास ते पुरे झाले. त्या बांधाला हॉर्नबी वेलार्ड म्हणत. वेलार्ड हे पोर्तुगीज शब्दाचे रूप, त्याचा अर्थ बांध किंवा कुंपण. आज तिथून लाला लजपतराय मार्ग जातो. बांध पुन्हा पुन्हा ढासळे. तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू स्थापत्याच्या स्वप्नात देवीने येऊन समुद्रातल्या मूर्ती वर काढायला सांगितले, मूर्ती काढल्यावर बांध टिकला, अशी आख्यायिका आहे. हल्लीचे महालक्ष्मीचे देऊळ धाकजी दादाजी या व्यापाऱ्याने १८३१ मध्ये बांधले. आख्यायिकेवर विश्वास ठेवावा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु बांधाने एवढे खरेच केले की समुद्र बाहेर राहिला आणि आत शेकडो एकर जमीन पाण्यातून वर आली.

वर आली खरी, पण ती लगेच उपयोगाची नव्हती. पावसाळ्यात पाणी साचायचे, दलदल व्हायची. घरे बांधायला अशी जागा कोण घेणार? भायखळ्याला मात्र वस्ती वाढली होती, गिरण्या उठल्या होत्या, घोडे पळवायला जागा उरली नव्हती. म्हणून १८८३ साली शर्यती या सखल मैदानावर आल्या. ज्या जमिनीला कोणी विचारत नव्हते तिच्यावर शर्यतीची वाट आखली गेली. नंतर गिरण्यांचा पसारा वाढला, महालक्ष्मी, लोअर परळ, वरळी हा सारा भाग कामगारांच्या चाळींनी भरून गेला आणि ही दलदल सोन्याच्या मोलाची झाली. तोवर तिच्याभोवती कुंपण पडलेले होते. पुढे १९१४ पासून नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने ती क्लबकडे राहिली. हे साल लक्षात ठेवा, आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे.

मैदानाची आखणी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराच्या कॉलफील्ड रेसकोर्सवरून घेतली आहे. अंडाकृती वाट, एका बाजूला प्रेक्षकांच्या उंच छपऱ्या. त्यांतली मुख्य इमारत आज वारसा म्हणून जपली जाते. क्लबच्या अध्यक्षांत सर कुसरो वाडिया या गिरणीमालकांचे नाव मोठे आहे. पुण्याच्या शिक्षकमंडळींना हे नाव दुसऱ्या कारणाने ठाऊक असेल. वडिलांच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये निघालेल्या नौरोसजी वाडिया कॉलेजामागे त्यांचाच पैसा आहे. म्हणजे गिरणीत मिळालेले धन काही कॉलेजाकडे वळले, काही घोड्यांकडे.

पुण्याचे मैदान यापेक्षा जुने. ते १८३० चे, सुमारे ११८ एकरांचे, आणि जमीन लष्कराची. पेशवाई जाऊन तेव्हा उणीपुरी बारा वर्षे झाली होती. एंप्रेस गार्डनला लागून हे मैदान आहे. पावसाळ्यात मुंबईचा गव्हर्नर पुण्याला मुक्कामाला येई आणि त्याच्यामागे सगळा गोरा समाज येई. घाटातून आगगाडी सुरू झाल्यावर घोड्यांचीही सोय झाली. तेव्हापासून पडलेली वहिवाट अजून चालते: साधारण नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईला शर्यती, जुलै ते ऑक्टोबर पुण्याला. राज्यकर्ते गेले, पण घोडे अजून गव्हर्नरसाहेबाच्या हवापालटाचे वेळापत्रक पाळतात.

शर्यत चालते कशी, हे थोडे समजून घ्या. साधा कोणता घोडा पुढे जातो एवढेच पाहायचे असते तर एकच चांगला घोडा दर वेळी जिंकला असता आणि बाकीच्यांनी घरीच राहणे पत्करले असते. म्हणून वजनाची युक्ती काढली. प्रत्येक घोड्याच्या मागच्या कामगिरीवरून त्याला आकडा दिला जातो. ज्याचा आकडा मोठा त्याच्या पाठीवर वजन जास्त. स्वाराचे वजन कमी पडले तर खोगिराला शिशाचे तुकडे लावून ते पुरे करतात. स्वाराला, म्हणजे जॉकीला, शर्यतीपूर्वी खोगिरासकट तोलतात आणि शर्यत झाल्यावर पुन्हा तोलतात. वाटेत कोणी शिसे टाकून दिले तर चालायचे नाही! चांगल्या बैलाला ओझे अधिक आणि दुबळ्याला कमी, म्हणजे दोघेही बरोबर चालावेत, अशी ही कल्पना. अगदी मोठ्या मानाच्या शर्यतींत मात्र असा फरक करीत नाहीत. एका वयाचे घोडे, नरांना सारखे वजन, मादीला थोडी सवलत, आणि मग ज्याच्या पायात जोर असेल तो पुढे. आणखी एक मौज सांगतो. थरोब्रेड घोडा कोणत्याही महिन्यात जन्मो, आपल्याकडे त्याचा वाढदिवस १ जानेवारीलाच धरतात. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्या पोरांची जन्मतारीख १ जून लिहिलेली आपण पाहिली आहे. त्यातलाच हा प्रकार.

घोडे आले, मैदान आले, पण या सगळ्याचे पोट भरते पैजेवर. आणि इथे कायद्याची हकीकत फार बोलकी आहे.

मुंबईच्या जुन्या बाजारात पावसावर पैज लावण्याची चाल होती. अमुक वेळात छपरावरची पन्हळ वाहील की नाही, यावर व्यापारी आणि साधी माणसेही पैसे लावत. सरकारला हे काही आवडले नाही. १८८७ मध्ये मुंबई इलाख्यात जुगारबंदीचा कायदा झाला आणि १८९० साली पावसावरची पैजही गुन्ह्यात घातली गेली. पण याच कायद्याने घोड्याच्या शर्यतीवरची पैज वेगळी काढून ठेवली. शर्यतीच्या दिवशी, मैदानाच्या ठरवून दिलेल्या कुंपणात, क्लबच्या संमतीने लावलेली पैज हा गुन्हा नाही. तीच पैज त्याच घोड्यावर, कुंपणाबाहेर पानाच्या दुकानात लावली की गुन्हा! पुढे १९१२ साली रेसकोर्सला परवाना घेण्याचा कायदा आला आणि १९२५ साली पैजेवर कर बसला. कर बसला म्हणजे सरकार त्या खेळात भागीदार झाले. स्वराज्य आल्यावर १९४९ मध्ये मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला, पण रेस चालूच राहिली. तिची वकिली कोर्टातही झाली. मद्रास सरकारने रेसवर बंदी घालण्याचा कायदा केला होता. त्यावर १९९६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, घोड्याची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. घोड्याची जात, त्याची तयारी, स्वाराचे कसब, हे अभ्यासाने जोखता येते, निव्वळ नशिबाचा तो खेळ नव्हे, असा त्यातला युक्तिवाद.

युक्तिवाद मला पटतो, पण अर्धा. घोडा जिंकण्यात कौशल्य आहे यात शंका नाही. पैसे लावणाऱ्याचे काय होते, ते आपण हिशेबानेच पाहू. शिक्षकमंडळींनी हे गणित फळ्यावर मांडावे.

मैदानावर टोट नावाची पद्धत असते. ती मूळची फ्रान्समधली. सगळ्यांनी लावलेले पैसे एकत्र करायचे, त्यातून क्लबचा खर्च आणि सरकारचा कर कापून घ्यायचा, आणि उरलेले जिंकणाऱ्या घोड्यावर पैसे लावलेल्यांत वाटायचे. समजा, एका शर्यतीत लोकांनी मिळून हजार रुपये लावले. हिशेबाला सोपे जावे म्हणून धरा, त्यातले दोनशे कापले गेले. उरले आठशे. जिंकलेल्या घोड्यावर दहा-दहा रुपयांची दहाच तिकिटे लागली असतील तर प्रत्येकाला ऐंशी रुपये मिळतील. पन्नास तिकिटे लागली असतील तर प्रत्येकी सोळा. म्हणजे घोडा जितका नावाजलेला तितका त्याचा भाव कमी. इथवर ठीक. पण आता जमलेल्या सगळ्या लोकांकडे एक माणूस म्हणून पाहा. पहिल्या शर्यतीला त्याच्याकडे हजार होते, आठशे राहिले. ते सगळे त्याने दुसऱ्या शर्यतीवर लावले, सहाशे चाळीस राहिले. तिसरीनंतर पाचशे बारा. चौथीनंतर चारशे दहाच्याही आत. एका दिवसात शर्यती सात-आठ होतात! एखादा गडी त्यातून फुगलेला खिसा घेऊन घरी जाईल. पण जो फुगला तो शेजाऱ्याच्या खिशातून फुगला, आणि कापलेले दोनशे तर दर वेळी ठरलेलेच. वस्तू आणि सेवा कर २०१७ मध्ये आला तेव्हा रेसच्या पैजेवर तो २८ टक्के होता, २०२५ च्या सप्टेंबरपासून तो ४० टक्के झाला.

गिरणगाव या मैदानाच्या उंबऱ्याशी. तिथल्या कामगाराचा पगाराचा दिवस आणि शनिवार-रविवारची रेस यांचे नाते किती घरांत चुलीपर्यंत पोचले, त्याची नोंद कोणत्याही क्लबाच्या वहीत नाही. हातात 'कोल'चे रेसचे पुस्तक, तोंडात घोड्यांची नावे आणि घरी वाण्याची उधारी, अशी माणसे मुंबईत जुन्या पिढीने पाहिलेली आहेत. मैदानातही बसायच्या जागा वेगळ्या. सभासदांचा कोपरा निराळा, साध्या तिकिटाच्या लोकांचा निराळा. घोडा सगळ्यांसमोरून एकाच वेळी जातो, पण पाहणाऱ्यांमध्ये कठडा असतो.

त्या वरच्या कोपऱ्यातले एक मोठे गिऱ्हाईक म्हणजे संस्थानिक. मराठी माणसाला जवळचे उदाहरण बडोद्याचे. प्रजेसाठी शाळा, ग्रंथालये काढणारे सयाजीराव महाराज १९३९ साली वारले आणि गादीवर नातू प्रतापसिंहराव आले. त्यांना घोड्यांचा विलक्षण नाद. देशी पैदाशीच्या घोड्यांची मोठी शर्यत, जिला आपण इंडियन डर्बी म्हणतो, ती महालक्ष्मीला पहिल्यांदा १९४३ मध्ये झाली आणि ती जिंकली त्यांच्याच प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने. स्वार होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन. अंतर दीड मैल, आजच्या मापाने २४०० मीटर. महाराजांची हौस तेवढ्याने भागली नाही. १९४५ साली त्यांनी इंग्लंडात एक वर्षाचे शिंगरू २८ हजार गिनी देऊन घेतले. एवढ्या वयाच्या शिंगराला तोवर तिकडे कोणी इतकी किंमत दिली नव्हती. त्याचे नाव त्यांनी आजोबांच्या नावावरून 'सयाजीराव' ठेवले. नाव राखले म्हणा, त्या घोड्याने १९४७ मध्ये आयर्लंडची डर्बी आणि इंग्लंडची सेंट लेजर या दोन्ही शर्यती जिंकल्या. पुढच्या वर्षी त्यांच्याच 'माय बाबू'ने दोन हजार गिनींची शर्यत मारली. १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५१ साली भारत सरकारने प्रतापसिंहरावांची राजा म्हणून असलेली मान्यता काढून घेतली. ज्या नावाने गावोगाव वाचनालये उघडली गेली, तेच नाव विलायतेत रेसच्या पत्रकात छापले गेले. आजोबांना हे कसे वाटले असते? मला तर वाटते, त्यांनी आधी खर्चाची वही मागवली असती.

बडोदे एकटे नव्हते. राजपीपळ्याच्या विजयसिंहजींनी १९३४ साली विंडसर लॅड या घोड्याच्या पायावर खुद्द इंग्लंडची डर्बी जिंकली. आगाखान घराण्याचा मुक्काम मुंबई-पुण्याला. पहिल्या आगाखानांना मुंबईच्या शर्यतींचा शौक होता. त्यांचे नातू तिसरे आगाखान यांनी तर इंग्लंडची डर्बी पाच वेळा जिंकली, १९३० पासून १९५२ पर्यंत. पुण्याचा आगाखान पॅलेस बांधणारे ते हेच.

पण मालकाचे नाव पत्रकात छापून येते, घोडा मात्र दुसऱ्याच्या हाताखाली वाढतो. पहाटे अंधारात उठून खरारा करणारा, चंदी घालणारा, पायाला ऊन लागले की सूज हाताने ओळखणारा तो मोतद्दार. घोडा जिंकला की लगाम धरून त्याला फिरवण्याचा मान त्याचा, आणि तेवढाच. मोतद्दार, नालबंद, स्वार मिळून या धंद्यावर हजारो कुटुंबे जगतात. रेस बंद करा म्हणणाऱ्यांनी एवढा विचार केला पाहिजे. स्वारांतही मराठी नावे गाजली. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे ही नावे शौकिनांच्या तोंडी असत. हे काम दिसते तेवढे सोपे नाही. पाचशे किलोंचे जनावर तासाला साठ किलोमीटरच्या वेगाने धावते, आणि त्यावरचा माणूस बसत नाही, तो रिकिबीत उभा असतो. कार्ल उमरीगर हा होतकरू जॉकी १९७९ साली महालक्ष्मीलाच घोड्यावरून पडला आणि विशी ओलांडण्याआधीच गेला.

आणि घोडा म्हातारा झाला म्हणजे? इथे एक गोष्ट अशी आहे की तिचा संबंध थेट तुमच्या गावाशी येतो. शेतात कोणाला नाग चावला की सरकारी दवाखान्यात जे औषध टोचतात, ते घोड्याच्या रक्तापासून होते. घोड्याला विषाची अगदी थोडी थोडी मात्रा देत जायचे. त्याच्या रक्तात विषाला मारणारा पदार्थ तयार होतो. तो वेगळा काढून माणसाला द्यायचा. मुंबईच्या हाफकिन संस्थेत हे काम फार वर्षे चाललेले आहे. पुण्याजवळ हडपसरला पूनावाला कुटुंबाचा घोड्यांच्या पैदाशीचा फार्म १९४६ पासूनचा. शर्यतीच्या कामातून गेलेले त्यांचे घोडे हाफकिनला जात. घोडे आपले आणि औषध दुसऱ्याचे, त्यापेक्षा आपणच ते का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट निघाली. आधी धनुर्वाताची लस वगैरे आणि मग पुढे किती तरी लसी. आज जगभरच्या पोरांना टोचल्या जाणाऱ्या लसींपैकी फार मोठा वाटा त्या एका कारखान्यातून जातो. त्याचे मूळ एका घोड्याच्या पागेत आहे.

आता तुमच्या मनात एक प्रश्न केव्हाचा उभा असेल. घोड्याच्या शर्यतीला परवाना, मग आमच्या बैलगाडीच्या शर्यतीने काय केले होते? प्रश्न रास्त आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यत आणि तमिळनाडूचे जल्लीकट्टू यांवर बंदी घातली. बैल हा शरीराने पळण्यासाठी घडलेला नाही, त्याला पळवायचे तर इजा करावी लागते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. त्यात खोटे काय? शेपटी पिरगाळणे, टोचणी लावणे, हे जत्रेत आपण पाहिलेले आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये नियम घालून शर्यतीला परवानगी देणारा कायदा केला. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना वाट दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांनी तो कायदा योग्य ठरवला. घोडा पळण्यासाठीच घडला आहे, हे मान्य. पण चाबूक त्यालाही बसतो, तोही पाय मोडून घेतो. फरक एवढा की त्याच्या शर्यतीला शंभर-सव्वाशे वर्षांचा परवाना, पंच, पशुवैद्य आणि लेखी नियम होते, आणि बैलाच्या शर्यतीला फक्त जत्रा होती. गावाने नियम लिहून घेतले, तेव्हा त्यालाही कायद्याचे दार उघडले.

राहिला तो १९१४ चा भाडेपट्टा. नव्व्याण्णव वर्षे २०१३ च्या मे महिन्यात संपली. सगळी मिळून २११ एकर जागा. तिचा सुमारे एक तृतीयांश भाग मुंबई महानगरपालिकेचा, बाकीचा राज्य सरकारचा. दहा वर्षे वाद चालला. कोणी म्हणे तिथे मोठी बाग करा, कोणी म्हणे बागेच्या नावाखाली इमारती उठतील. पहाटे मैदानात फिरायला येणारे शेजारीपाजारी, घोड्यांचे मालक, नगरसेवक, सगळेच त्यात बोलले. २०२४ च्या जानेवारीत क्लबच्या सभासदांनी मत दिले आणि त्या वर्षी करार झाला. १२० एकर जागा महापालिकेकडे सार्वजनिक उद्यानासाठी गेली. ९१ एकर शर्यतीसाठी क्लबकडे राहिली, पट्टा २०५३ पर्यंत.

आकडे नीट पाहा. निम्म्याहून अधिक मैदान आता नावाने तरी सगळ्यांचे झाले आहे. क्लबने कुंपण घातले नसते तर ही जागा गिरण्या आणि चाळींनी कधीच गिळली असती, हेही तितकेच खरे. आता उद्यानाचे आराखडे होत आहेत, झाडे किती आणि सिमेंट किती यावर बोलणी चालू आहेत. तुमच्यापैकी कोणी मुलांची सहल मुंबईला नेली तर म्युझियम आणि राणीबाग दाखवून झाल्यावर महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावर पाच मिनिटे थांबा. एका अंगाला धोबीघाट दिसेल, दुसरीकडे ते मैदान. मुलांना सांगा, इथे भरतीचे पाणी येत होते.